डनहॅम : मातीखाली निजलेल्या वेली

एप्रिलच्या मध्यात डनहॅमला पोहोचलो तेव्हा सावलीच्या कडेला अजून बर्फ होतं आणि बागेत द्राक्षाच्या वेली दिसतच नव्हत्या. खांब, तारा, आणि ओळीओळीने मातीचे वरंबे. वेली त्या वरंब्यांच्या पोटात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या दक्षिण टोकाला, अमेरिकेच्या सीमेलगतचं हे गाव. १९८२ साली इथे लॉर्पायर हा वाइनच्या द्राक्षांचा मळा उभा राहिला. या भागातली जुनी, भरवशाची जात म्हणजे सेव्हाल ब्लाँ.

सेव्हालचे डोळे, म्हणजे काडीवरचे न उमललेले कोंब, साधारण उणे २३-२५ अंशांपर्यंत तग धरतात. कडक हिवाळ्यात इथला पारा उणे ३०ला टेकतो. पण फूटभर मातीखाली तापमान शून्याच्या थोडंच खाली राहतं, वर बर्फाची गादी असली तर आणखी बरं. वेलीचा आकारही त्यामुळेच ठरतो. उंच खोड गाडता येत नाही, म्हणून खोड जेमतेम वीतभर ठेवतात आणि फळकाड्या जमिनीलगत. पानगळ झाली की छाटणी, मग नांगराने दोन्ही बाजूंनी मातीची भर. हे काम जमीन गोठण्याआधी उरकावं लागतं. मात्र माती ओली असताना भर घातली तर ढेकळं पडतात आणि त्यांच्यातल्या पोकळ्यांतून थंडी थेट डोळ्यांपर्यंत पोहोचते.

खरी कसोटी वसंतातली. नांगर बहुतेक माती ओढून घेतो, शेवटचा थर मात्र खुरप्याने किंवा हातानेच काढायचा. उशीर झाला तर मातीतच डोळे फुगतात आणि नुसत्या धक्क्याने गळतात. फार लवकर उघडलं तर कडाक्याच्या रात्री अजून शिल्लक असतात. काही ठिकाणी मातीऐवजी जाड कापडी आच्छादन घालतात. मेहनत वाचते, पण आत उंदीर घर करतात आणि साली कुरतडतात. शिवाय उन्हात आच्छादनाखालची हवा तापून वेल वेळेआधीच जागी होते.

फ्रोंटनॅक आणि मार्केट या मिनेसोटा विद्यापीठाच्या जाती (अनुक्रमे १९९६ आणि २००६) उणे ३०च्या खालीही उघड्यावर टिकतात, कारण त्यांच्यात उत्तर अमेरिकेतल्या रानद्राक्षाचं रक्त आहे. त्याची किंमत रसात मोजावी लागते : आम्लता इतकी चढी की बोचऱ्या मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करून घेतल्याशिवाय लाल वाइन जिभेला बोचते.

न गाडलेल्या वेलींची छाटणी करण्याआधी डोळे तपासावेत, हे मला इथलं सर्वांत उपयोगी काम वाटतं. शंभरेक डोळे ब्लेडने आडवे कापायचे. प्रत्येकात तीन अंकुर असतात. मधला मुख्य, आणि पीक बहुतांशी त्याच्यावरच. तो हिरवा असेल तर जिवंत, तपकिरी असेल तर मेलेला. निम्मे मेलेले निघाले तर नेहमीच्या दुप्पट डोळे राखून छाटायचं. खोडालाच तडे गेले असतील तर जमिनीलगतचा एक फुटवा वाढवून नवं खोड धरायचं. जाणकार मुळातच दोन खोडं ठेवतात.