तुम्ही विचारलंत म्हणून: बंदुकीला सायलेन्सर का नाही?

घरी बंदूक आहे असं कळलं की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. खरी आहे का, भरलेली असते का, आणि मग जरा खालच्या आवाजात, "सायलेन्सर लावता का हो?" सोसायटीतले निवृत्त काका विचारतात, भाचा विचारतो, दातांच्या डॉक्टरांनी तर माझं तोंड उघडं असताना विचारलं. तेव्हा उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर देते.

नाही लावत. लावायचा म्हटला तरी लावता येणार नाही. आणि खरं सांगायचं तर घरच्या बंदुकीला मला तो नकोच आहे.

आधी माझ्याकडे काय आहे ते सांगते, म्हणजे उगाच गूढ राहायला नको. सुप्याजवळ आमची शेती आहे. आबांकडे तिथे तीन हत्यारं होती: बारा बोअरची दुनळी, तीनशेपंधराची रायफल आणि एक जुनी एकनळी. २०१९च्या डिसेंबरात शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि माणशी तीनची मर्यादा दोनवर आली. मूळ विधेयकात तर एकच ठेवायचं होतं, आरडाओरडा झाल्यावर दोन झाली. वडिलोपार्जित असली तरी सूट नाही. जादाचं हत्यार एका वर्षात जमा करायचं होतं, त्यामुळे एकनळी डीलरकडे गेली. उरलेली दोन नंतर माझ्या नावावर झाली, कारण २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकानं सत्तरी गाठली किंवा पंचवीस वर्षं हत्यार बाळगलं की ते वारसाकडे देता येतं. आबांचं दोन्ही केव्हाच झालं होतं. मी राहते कोथरूडला, म्हणून माझा परवाना पोलीस आयुक्तालयाचा. याशिवाय सुट्टीच्या दिवशी रेंजवर क्लबची पॉइंट टू टू, म्हणजे लहान गोळीची बंदूक, चालवते, ती माझी नाही.

आता सायलेन्सर. इथे बहुतेकांची समजूत अशी असते की बंदूक परवान्याची आणि बाकी सगळं म्हणजे मोबाईलच्या कव्हरसारखं, वरून घ्यायचं. दुर्बिणीच्या किंवा पट्ट्याच्या बाबतीत असा विचार एक वेळ चालेल. सायलेन्सरच्या बाबतीत अजिबात नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमाचं दुसरं कलम उघडून बघा. 'अग्निशस्त्र' कशाला म्हणायचं हे सांगताना कायद्यानं तोफा आणि हातबॉम्ब यांच्या यादीतच बंदुकीचा आवाज किंवा भडका कमी करणारा जोडभागही बसवलाय. म्हणजे ती नुसती नळकांडी, जिच्यातून स्वतःहून एक छर्राही उडत नाही, कायद्याच्या दृष्टीनं स्वतःच बंदूक आहे. नळीच्या तोंडाशी भडका लपवायला बसवतात तो तुकडाही त्यातच आला. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत तर हे जोडभाग पहिल्याच वर्गात, प्रतिबंधित शस्त्रांच्या पंगतीला आहेत. त्या वर्गाचा परवाना केंद्रीय गृहमंत्रालयाकडचा विषय आहे, पुण्यातल्या कुठल्याही टेबलावरून तो मिळत नाही. आणि व्याख्या शब्दशः धरली तर माझ्यासाठी ते तिसरं अग्निशस्त्र ठरेल. दोनाची मर्यादा माझी आधीच भरलेली आहे.

विनापरवाना अग्निशस्त्र सापडलं तर त्याच २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं आत. म्हणून ऑनलाइन काही 'क्लीनिंग किट' किंवा 'एअरगन मॉडरेटर' अशा नावाची नळकांडी दिसली तर ती कार्टमध्ये टाकू नका. एअरगनवाल्यांना हे मुद्दाम सांगते. ४.५ मिलिमीटरची आणि वीस जूलच्या आतली एअरगन परवान्याशिवाय घेता येते हे खरं. पण कायद्याची व्याख्या फक्त दारूच्या स्फोटापुरती नाही, 'अन्य ऊर्जे'नं गोळी फेकणारं हत्यारही तिच्यात येतं. सूट मिळालीय ती एअरगनला. तिच्या आवाज दाबणाऱ्या नळीला कुणी सूट दिल्याचं मला तरी नियमांत दिसलेलं नाही.

भाचा लगेच म्हणतो, "पण मावशी, अमेरिकेत तर दुकानात मिळतो." मिळतो. तिथल्या बहुतेक राज्यांत चालतो. पण त्यांच्याकडेही १९३४पासून त्याची वेगळी नोंदणी आहे आणि त्यावर दोनशे डॉलरचा कर होता. १९३४ साली ती रक्कम डोळे पांढरे करणारी होती. पुढे नव्वद वर्षं आकडा तोच राहिला आणि महागाईनं तो आपोआप हलका केला. १ जानेवारी २०२६पासून कर शून्य झालाय, पण अर्ज, बोटांचे ठसे, फोटो, पार्श्वभूमीची तपासणी, हे सगळं आहे तसंच आहे. व्हिडिओत गोळी मारणारा दिसतो, त्याचा अर्ज दिसत नाही.

गंमत म्हणजे ज्यानं हे उपकरण बाजारात आणलं, त्या हिरम पर्सी मॅक्सिमचे वडील म्हणजे मशीनगन काढणारे मॅक्सिम. वडिलांना म्हातारपणी नीट ऐकू येत नव्हतं. मुलानं १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं आणि त्याच तत्त्वावर मोटारींच्या इंजिनांचे सायलेन्सरही केले. तत्त्व अगदी साधं: गरम वायू एकदम बाहेर सोडायचा नाही, आत थोडं पसरू द्यायचं, थंड होऊ द्यायचं, मग सोडायचं. पुण्यात बुलेटवाली पोरं नेमका तोच भाग काढून टाकतात, पोलीस बदललेले सायलेन्सर जप्त करतात आणि मग त्या सायलेन्सरांवरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो पेपरात येतात. गाडीचा काढला म्हणून दंड, बंदुकीला लावला म्हणून तुरुंग. दोन्ही नियम मला पटतात.

सिनेमातला तो 'फुस्स' आवाज विसरा. बार उडतो तेव्हा आवाज दोन होतात. एक नळीच्या तोंडाशी, वायू सुटल्याचा. दुसरा गोळीचा स्वतःचा, ती हवेत ध्वनीपेक्षा जोरात धावते म्हणून. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास. आमची तीनशेपंधरा त्याच्या कितीतरी पुढे जाते, बारा बोअरचे छर्रेही निघताना पुढेच असतात. सायलेन्सर फक्त पहिला आवाज दाबतो. दुसरा त्याच्या हातात नाही, कारण तो नळीच्या बाहेर, वाटभर होत जातो. पॉइंट टू टूची स्पर्धेची काडतुसं मात्र ध्वनीच्या जरा खालीच ठेवलेली असतात, त्यामुळे खरा फरक पडतो तो तिथे.

आणि फरक म्हणजे किती? साधारण वीस ते तीस डेसिबल. मोठ्या बंदुकीचा बार कानाशी १६०च्या घरात जातो, तो १३०वर आला तरी त्याला शांतता म्हणत नाहीत. विसर्जनाच्या दिवशी सीओईपीची इंजिनिअरिंगची मुलं लक्ष्मी रोडवर आवाज मोजतात, तो शंभरच्या वर गेला की दुसऱ्या दिवशी बातमी होते. डेसिबलच्या पट्टीवर दर दहाला ऊर्जा दहापट होते, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. फक्त ढोल-ताशा तासन्‌तास चालतो आणि बार क्षणभर असतो. पण क्षणभराच्या आवाजालाही १४०ची मर्यादा धरतात, त्याच्या वर एका दणक्यातही कान कायमचा बिघडू शकतो.

म्हणून सायलेन्सरच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. नॉर्वे, फिनलंडमध्ये शिकारी तो सर्रास लावतात, स्वतःच्या कानासाठी आणि शेजारच्या वाडीला त्रास नको म्हणून. तिथे ते चोरट्याचं लक्षण नाही, सभ्यपणाचं आहे. पण तिथे शिकार कायदेशीर आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली ती बंद आहे. पिकात घुसणारं रानडुक्कर मारायचं तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते. मग शेतावर मला सायलेन्सर हवा कशाला? डुकरांचा कळप पळतो तो आवाजाला. ऊस तुडवत आलेल्या कळपासमोर मुकी बंदूक घेऊन उभं राहणं म्हणजे राखणदारानं तोंडाला पट्टी बांधण्यापैकीच.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि ते सुप्याला राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या बाजूलाच मयुरेश्वर अभयारण्य आहे, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. आकारानं अगदी लहान, पाच चौरस किलोमीटरच्या जरा वर. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं वनखात्याकडे नाव नोंदवायचं असतं, तसं आबांचं नोंदवलेलं होतं. त्या टापूत नवा परवाना द्यायचा तरी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती आधी लागते. कागदावरची ही तटबंदी ठीक आहे, पण रात्री माळावर प्रत्यक्षात कोण असतं? एक वनरक्षक. त्याच्याकडे काठी, बॅटरी आणि कान. बार ऐकू आला तर तो फोन तरी करेल. तो बार कुठून आला हे गावातलं पोरसुद्धा सांगतं, "ओढ्याच्या पलीकडून आला." चोरटी शिकार करणाऱ्याला सगळ्यात नकोसा असतो तो हाच आवाज. तो दाबायची सोय मी माझ्या कानांसाठी मागावी आणि ती पुढे त्याच्या हाती पडावी, हे मला चालणार नाही.

शहरातही तेच. पुण्यात गावठी कट्टा पकडल्याची बातमी यायला फार दिवस जात नाहीत. तिथे निदान बार झाला की खिडक्या उघडतात आणि पोलिसांना फोन जातो.

माझ्या बंदुकीच्या खऱ्या 'अ‍ॅक्सेसरी' काय आहेत सांगू? लोखंडी कपाट, त्याची किल्ली, नळीत घालायचा गज, तेलाची बाटली, खोळ, आणि कागद. कागद सगळ्यात जास्त. परवाना आता तीनऐवजी पाच वर्षांचा झालाय, एवढा एक दिलासा. काडतूस घेतलं की परवान्यावर नोंद. त्या बारा बोअरच्या काडतुसावर 'केएफ' छापलेलं असतं, म्हणजे आपल्या खडकीचा कारखाना, १८६९ सालचा. तो माझ्या घरापासून एका रिक्षाच्या अंतरावर, तरी काडतूस फिरून येतं ते डीलरच्याच काउंटरवरून.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार जमा करायची नोटीस येते. ठाण्यात हवालदार नळीवरचा नंबर परवान्याशी ताडून बघतो, पुठ्ठ्याचा तुकडा कापून त्यावर नाव लिहितो आणि सुतळीनं चापाच्या कडीला बांधतो. ज्या दुनळीला आबा तेलाच्या फडक्याशिवाय हात लावू देत नव्हते, ती मग इतर पंधरा-वीस बंदुकांबरोबर कोपऱ्यात उभी राहते. एकदा परत आली तेव्हा उजव्या नळीत गंजाचे बारीक ठिपके होते. भांडून उपयोग नव्हता, पावतीवर 'सुस्थितीत' अशी माझीच सही होती. आता जमा करण्याआधी नळीत जाड तेल सोडते आणि फोटो काढून ठेवते. नव्या परवानाधारकांनी एवढं तरी करावं.

वरातीत एक बार काढा म्हणणाऱ्या पाहुण्यांनाही इथेच उत्तर देऊन टाकते: आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. फटाके आणा.

सायलेन्सरला माझ्या हिशेबात एकच जागा आहे, मान्यताप्राप्त रेंज. पत्र्याच्या शेडखाली ओळीनं नेमबाज उभे असले की आवाज छतावर आपटून शेजारच्या लेनमध्ये येतो आणि तिथे बारा-तेरा वर्षांची मुलंही शिकत असतात. अशा ठिकाणी पॉइंट टू टूपुरता, क्लबच्या नावावर, नंबर घातलेला, रेंजच्या शस्त्रागारात कुलपात राहणारा सायलेन्सर सरकारनं द्यावा असं मला वाटतं. नियमांची एक छोटी दुरुस्ती पुरेल. भाच्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे घरी आणता येणार नाही?" नाही.

तोवर फोमचे बोळे नीट पिळून कानात आत घालायचे, ते फुगेपर्यंत बोट दाबून धरायचं आणि वरून मफ, म्हणजे हेडफोनसारखं कान झाकणारं. नुसता मफ चष्म्याच्या काडीमुळे उचलला जातो आणि फटीतून आवाज शिरतो, म्हणून दोन्ही. वर्षातून एकदा कानांची तपासणी करून घ्या आणि आलेखात चार हजार हर्ट्झपाशी खड्डा पडलाय का ते मुद्दाम विचारा. मोठ्या आवाजानं ऐकू येणं कमी होतं ते आधी तिथून.