गूळपीठ की नुसती जीभ?

बुधवार, रात्री

उंदराच्या मेंदूत श्रवण कॉर्टेक्समधला (आवाज टिपणारा भाग) एक न्यूरॉन, प्रीफ्रंटलमधला (मेंदूचा पुढचा भाग) दुसरा. सूर आणि पाण्याची सांगड कळण्याआधी दोघं आपापल्या तालात. उंदीर शिकला की दोघं एकाच वेळी स्पाइक (विजेचे क्षणिक ठोके) टाकू लागतात. आलेख देखणा असतो, म्हणूनच त्याच्यावर पटकन भरवसा ठेवू नये.

मांडणी नेहमीचीच. डोकं पक्कं बसवलेला तहानलेला उंदीर, 2 सेकंद सूर, 1 सेकंद शांतता, मग 4 मायक्रोलिटर पाणी. दुसऱ्या सुरानंतर काहीच नाही. दोन फेऱ्यांमधलं अंतर 10 ते 25 सेकंद, तेही बदलतं. ते ठरावीक ठेवलं तर उंदीर सूर सोडून वेळेचाच अंदाज बांधतो.

शिकलेला उंदीर पाणी यायच्या आधीच चाटू लागतो, सेकंदाला सहा ते आठ वेळा. क्रॉस-कोरिलोग्राममध्ये (एकाच्या स्पाइकच्या किती आधी-नंतर दुसऱ्याचे पडतात, त्याचा आलेख) शून्याच्या दोन्ही बाजूंना साधारण 150 मिलिसेकंदांवर उंचवटे दिसले, तर आधी जिभेवर संशय घ्यावा. सात वाजता शेजारच्या दोन घरांत कुकरच्या शिट्ट्या झाल्या, म्हणजे एकमेकांना विचारून गॅस पेटवला असं होत नाही. त्यातून चाटणं मोजणारा सेन्सर विद्युतस्पर्शाचा असेल, तर प्रत्येक चाटण्याला सगळ्या चॅनलवर (मेंदूतल्या नोंदणीच्या तारांवर) खोटा स्पाइक उमटतो. इन्फ्रारेड किरणाचा सेन्सर बरा. शून्यावरच एक मिलिसेकंदाचं टोकदार शिखर, तेही झाडून सगळ्या जोड्यांत? मग दोष सामाईक रेफरन्सचा, म्हणजे सगळे चॅनल ज्याच्या तुलनेत मोजले जातात त्या जोडणीचा. कोणता स्पाइक कोणत्या न्यूरॉनचा हे वेगळं करण्याआधी सगळ्या चॅनलचा मध्यक वजा करावा.

आता हिशेब. दोघांचे सेकंदाला 5-5 स्पाइक, 200 फेऱ्या, प्रत्येकी 2 सेकंद: एक मिलिसेकंदाच्या खणात नुसत्या योगायोगानेच 10 जुळण्या पडतात, वर-खाली सुमारे 3. तेव्हा 14 चं शिखर म्हणजे काहीच नाही. एकीकडे 30 आणि दुसरीकडे 40 न्यूरॉन असले की जोड्या 1200, आणि 5 टक्क्यांच्या कसोटीवर त्यातल्या 60 फुकटात 'सिद्ध' होतात.

सुरामुळे आलेला सामाईक भाग काढायला एका न्यूरॉनची फेरी दुसऱ्याच्या पुढच्या फेरीशी जुळवून वजाबाकी करतात. पण उंदराची तहान भागत जाते, दोघांचा स्पाइक टाकण्याचा वेग एकत्रच उतरतो, आणि वजाबाकीनंतरही शेकडो मिलिसेकंद रुंद टेकाड उरतं. न्यूरोसायंटिस्ट कार्लोस ब्रॉडीने 1999 मध्ये हे दाखवून दिलं, तरी ते टेकाड अजून निकाल म्हणून छापलं जातं! त्यापेक्षा प्रत्येक स्पाइक 25 मिलिसेकंदांच्या खिडकीत इकडेतिकडे हलवून, खऱ्या नोंदीशी ताडायला हजारेक बनावट नोंदी कराव्यात. संथ चढउतार तसेच राहतात, बारीक जुळणी तेवढी मोडते. वेगही तपासायलाच हवा. येणारा सामाईक संदेश तेवढाच असला, तरी वेग वाढला की परस्परसंबंध वाढतो (द ला रोचा आणि सहकारी, 2007). म्हणून शिकण्याआधीच्या आणि नंतरच्या फेऱ्यांतून सारख्या वेगाच्या तेवढ्या निवडून घ्याव्यात.

खरा कस लागतो तो चुकलेल्या फेऱ्यांत. सूर वाजला पण उंदराने चाटलं नाही, आणि सूर नसताना मधल्याच वेळात चाटलं, या दोन्ही वेगळ्या काढाव्यात. जुळणी दुसरीत दिसली आणि पहिलीत नाही, तर ती जिभेची. पहिलीत टिकली, तर मिशा आणि डोळ्याच्या बाहुलीच्या व्हिडिओशी ताडून पाहावी. त्यासाठी कॅमेऱ्याच्या प्रत्येक फ्रेमची पल्स स्पाइकच्याच घड्याळावर नोंदलेली हवी. ती तार प्रयोगाच्या पहिल्या दिवशीच जोडावी लागते.