पिल्सन ते डेव्हन: शिकागोतला एक दिवस

शिकागोला जाणारे आपले बहुतेक लोक मिलेनियम पार्क आणि उंच इमारती बघून परततात. एक दिवस जास्तीचा काढा आणि तो वस्त्यांमध्ये पायी फिरण्यात घालवा. मी मावशीबरोबर असा एक शनिवार घालवला.

सकाळी लूपमधून, म्हणजे शहराच्या मध्यभागातून, पिंक लाइन या लोकल गाडीने एटीन्थ स्ट्रीट स्टेशनला उतरलो. स्टेशनचे जिने मेक्सिकन चित्रांनी भरलेत आणि बाहेरच्या बहुतेक पाट्या स्पॅनिश आहेत. वस्तीचं नाव मात्र पिल्सन, म्हणजे चेक लोकांच्या प्लझेन गावाचं. १८७१च्या मोठ्या आगीनंतर इथे चेक कामगार दाटीने राहू लागले. त्यांच्यातल्याच जॉन डुसेकने १८९२ मध्ये बांधलेला दगडी थालिया हॉल आजही उभा आहे आणि तिथे गाण्याचे कार्यक्रम होतात.

आडव्या गल्ल्यांत नक्की शिरा. फुटपाथ वर आणि जुन्या घरांची अंगणं खड्ड्यात, असं दृश्य दिसेल. दलदलीच्या जमिनीत गटारं घालताना रस्ते भराव टाकून उंच केले, घरं जिथल्या तिथे राहिली. त्यामुळे मूळचा तळमजला आता तळघरासारखा दिसतो. अशाच एका अंगणात उतरणाऱ्या पायऱ्यांवर मिरचीच्या कुंड्या मांडल्या होत्या. चेक सुताराच्या दारात मेक्सिकन आजीची मिरची! मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

ही अदलाबदल आपोआप झालेली नाही. १९२४च्या अमेरिकन स्थलांतर कायद्याने देशवार कोटा ठरवून पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणाऱ्यांची वाट जवळजवळ बंद केली. मेक्सिकोला मात्र तो कोटा नव्हता, आणि रेल्वे, पोलाद कारखाने, कत्तलखाने यांना माणसं हवीच होती. हे मेक्सिकन लोक आधी उत्तरेला, हल हाउस या स्थलांतरितांना मदत करणाऱ्या संस्थेच्या आसपास राहायचे. १९६०च्या दशकात तिथे इलिनॉय विद्यापीठाचा परिसर उभा राहिला, घरं पाडली गेली आणि बरीच कुटुंबं पिल्सनला आली. तोवर चेक मंडळी पश्चिमेला सिसेरो, बर्विन या उपनगरांकडे सरकत होती. आता वाढत्या भाड्यांमुळे मेक्सिकन कुटुंबांनाही पिल्सन सोडावं लागतंय. हे वाचून माहीत होतं, पण तिथे चालताना फार लागलं.

हॅरिसन पार्कमधलं मेक्सिकन कलेचं राष्ट्रीय संग्रहालय अजिबात चुकवू नका. प्रवेश फुकट आहे, सोमवारी बंद असतं. दोन तास हाताशी ठेवा. बेकरीत ट्रे आणि चिमटा घेऊन आपला पाव आपणच उचलायचा असतो. शिंपल्यासारख्या नक्षीचा कोंचा घ्या. शाकाहारी असाल तर घेवड्याची उसळ चरबीत केली आहे का, हे आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी ती डुकराच्या चरबीत करतात.

दुपारी डेव्हन अव्हेन्यूला जायला लूपमध्ये परत येऊन रेड लाइनने लोयोला स्टेशन, तिथून १५५ नंबरची बस. जवळपास शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं असल्याने दीड तास धरूनच चला. तिकिटासाठी वेगळं कार्ड घ्यायची गरज नाही, टॅप होणारं बँकेचं कार्ड चालतं. मात्र गाडी बदलणं स्वस्तात पडायला प्रत्येक वेळी तेच कार्ड टॅप करा. कुणाला डेव्हनचा पत्ता विचाराल तर 'दिव्हॉन' म्हणा, तिथले लोक तसंच म्हणतात.

डेव्हन अव्हेन्यू एके काळी ज्यूंचा बाजार होता. १९६५च्या स्थलांतर कायद्याने आशियातल्या शिकलेल्या लोकांना दार उघडलं आणि सत्तरच्या दशकात इथे साड्यांची, किराण्याची दुकानं आली. पटेल ब्रदर्स या भारतीय किराणा दुकानांच्या साखळीचं पहिलं दुकान १९७४ मध्ये याच रस्त्यावर सुरू झालं. एकाच रस्त्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांना इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मायर, गांधी आणि जिना यांची नावं आहेत. मान वर करून त्या पाट्या वाचा.

मावशी १९७६ साली इथे आली. तूरडाळीसाठी ती आणि काका बर्फातून गाडी हाकत इथे येत. आता तिच्या घराजवळच भारतीय दुकान आहे, तरी ती एका दारापाशी थांबली. "अगं, इथे मला पहिल्यांदा कोणीतरी 'कशा आहात?' विचारलं. गुजराती होता, पण मराठीत विचारलं." मग आत जाऊन तिने दोन किलो डाळ घेतली आणि परतीच्या बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसली.