गरम पेज

पहाटेचे चार वाजलेत आणि पोरगी टक्क जागी आहे. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं, म्हणजे हिच्या लेखी साडेसहा. सोलापुरात परतून चार दिवस झाले तरी हिला भूक तिकडच्याच वेळेला लागतेय. पलीकडच्या गल्लीत मागांचा खडखडाट चालू आहे. ती मांडीवर बसून नाचणीची खीर खातेय, मी एका हातानं लिहितेय.

दहा महिन्यांचं लेकरू घेऊन परदेशात कशाला जाताय, असं सगळ्यांनी विचारलं होतं. सासूबाईंनी विचारलं नाही. त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली.

पहिल्या रात्री एका हॉटेलात बसलो. ताटं आली आणि हिनं रडायला सुरुवात केली. एकानं जेवायचं, दुसऱ्यानं तिला घेऊन बाहेर फिरायचं, हे आम्हाला घरीही सवयीचं आहे. माझी जेवायची पाळी आली तेव्हा नूडल्सचा थंड गोळा झाला होता.

दुसऱ्या रात्री ती आठलाच झोपली. खोलीत अंधार, बाथरूमचं दार बोटभर उघडं, तेवढाच उजेड. कडक भाकरी मोडली की केवढा आवाज होतो! ह्यांनी ती आमच्या सोलापुरी चादरीच्या घडीत धरली आणि आतल्या आत दाबून मोडली. कट्ट असा दबका आवाज आला. आम्ही दोघंही श्वास धरून पाळण्याकडं बघत राहिलो. ती हलली नाही. मग दुकानातून आणलेल्या दह्यात चटणी कालवून जमिनीवर बसून जेवलो. असं निवांत, शेजारीशेजारी बसून आम्ही कितीतरी महिन्यांत जेवलो नव्हतो.

सेरंगून रोडवरच्या कोमला विलासमध्ये हिनं दीड इडली खाल्ली. ते हॉटेल 1947 पासूनचं आहे.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती हॉकर सेंटरमधली पेज. रस्त्यावरच्या हातगाड्या सरकारनं हटवल्या आणि एका छपराखाली गाळे बांधून दिले, त्यातून ही सेंटरं उभी राहिली. 2020 मध्ये युनेस्कोनं या खाद्यसंस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. तिथं टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा तुमची. वडीलधाऱ्या बाईला सगळे ‘आंटी’च म्हणतात.

मी तिओच्यू, म्हणजे दक्षिण चीनमधून आलेल्या एका समाजाच्या पद्धतीची पेज घेतली. या पेजेत दाणा अख्खा राहतो, वर पांढरं पाणी, मिठाचा कणही नाही. चव सगळी सोबतच्या वाट्यांत: खारवलेल्या मुळ्याचं आमलेट, लोणच्यासारखी मोहरीची भाजी, टोफू. बिनमिठाची म्हणून लेकरासाठी अगदी योग्य. मी चमच्यानं दाणे चिरडून भरवू लागले, गुरगुट्या भात भरवतो तसं. पाच-सहा घास झाले आणि ती कंटाळून माझ्या खांद्यावर चढायला लागली.

समोर एक म्हातारी आंटी जेवत होती. तिनं वाडगा बाजूला सारला, हात पुढं केले आणि माझ्या वाडग्याकडं बोट दाखवलं. भाषा एकमेकींची कळत नव्हती, पण ‘दे इकडं, तू जेव’ हे कळायला भाषा कशाला लागते? माझी पोरगी अनोळखी माणसाकडं जात नाही. तिच्याकडं गेली. आंटीच्या मनगटात हिरव्या जेडचं कडं होतं. हिनं ते दोन्ही हातांनी धरलं आणि गोल गोल फिरवत बसली.

मी जेवले. वाफ येत होती तोवर जेवले. जीभ भाजली तरी थांबले नाही. आमलेटमधला मुळा दाताखाली कुरकुरला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. ह्यांनी विचारलं, तिखट लागलं का? त्यात तिखट नव्हतंच.

वाडगा रिकामा झाल्यावरच आंटीनं पोरगी परत दिली, आपला ट्रे उचलला आणि गेली. मी नुसते हात जोडले.

काल सासूबाईंना हे सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “मुळा किती दिवस खारवतेत गं ते?” बाजारातून आज दोन जुड्या आणायच्यात. ही आत्ता पेंगायला लागलीय. कडं सापडत नाही म्हणून माझीच बांगडी फिरवतेय.