पॉलिक्लिनिकमधील प्रश्नमंजुषा: माझा अनुभव

नागपुरातील माजी सैनिकांच्या एका पॉलिक्लिनिकमध्ये मी औषधनिर्माता म्हणून काम करते. मार्च संपत आला की उष्माघाताच्या तयारीचे परिपत्रक वाचून दाखवले जाते, सर्व जण सह्या करतात आणि कागद फाइलमध्ये जातो. या वेळी प्रभारी कर्नल साहेबांनी सह्यांऐवजी प्रश्नमंजुषा घ्यायचे ठरवले आणि प्रश्न काढण्याचे काम माझ्याकडे सोपवले.

अडचण प्रश्नांची नव्हती, हुद्द्यांची होती. आमच्या नर्सिंग असिस्टंटपैकी काही जण आर्मी मेडिकल कोअरमधून निवृत्त झालेले हवालदार आणि सुभेदार आहेत. नुकत्याच रुजू झालेल्या मुलीसमोर सुभेदार साहेबांचे उत्तर चुकले, तर पुढच्या वेळी ते काहीतरी काम काढून बाहेर जाणार, हे उघड होते. आणि डॉक्टर मॅडम एकदा बोलल्या की बाकी कोणी वेगळे मत मांडणार नाही, हेही तितकेच उघड होते. म्हणून उत्तरे चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठीवर फक्त गटाचे नाव घालायचे आणि डॉक्टरांनी सर्वांत शेवटी बोलायचे, असे नियम केले. हरणाऱ्या गटाने सर्वांना तर्री-पोहे द्यायचे होते.

सुरुवातीचे प्रश्न मुद्दाम सोपे ठेवले. कोअरची स्थापना ३ एप्रिल १९४३ ची, ब्रीदवाक्य ‘सर्वे सन्तु निरामयाः’, आणि १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी शोधणारे रोनाल्ड रॉस हे लष्करी सेवेतील डॉक्टर होते, ही उत्तरे निवृत्त मंडळींनी झटपट दिली. त्याने वातावरण मोकळे झाले. यापलीकडे त्या फेरीचा काही उपयोग नव्हता.

खरी चर्चा उष्माघातावर झाली. रांगेत उभे असलेले वृद्ध गृहस्थ असंबद्ध बोलू लागले आहेत, अंग भाजते आहे, तापमान ४१ अंश सेल्सियस आहे. तर प्रथम काय कराल? बहुतेक चिठ्ठ्यांवर पॅरासिटामॉलचे इंजेक्शन किंवा ताबडतोब मोठ्या रुग्णालयात रवानगी, यांपैकी एक उत्तर होते. मॅडमनी समजावले की, संसर्गाच्या तापात मेंदूच शरीराचे तापमान वर नेऊन ठेवतो आणि पॅरासिटामॉल ते खाली आणते. उष्माघातात मात्र शरीराला उष्णता बाहेर टाकणेच जमेनासे झालेले असते, त्यामुळे ते औषध तिथे कामाचे नाही. जागेवरच शरीर थंड करायला सुरुवात करायची, रवानगी त्यानंतर. त्यावर आमच्या हवालदारांनी राजस्थानातील सरावात धावताना कोसळलेल्या जवानाची हकीकत सांगितली. तो घामाने चिंब होता, म्हणून सोबत्यांना उष्माघाताची शंकाच आली नव्हती. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात घाम असू शकतो. तापमानाइतकेच भान हरपण्याकडे लक्ष द्यायचे, हे त्या एका हकीकतीने परिपत्रकापेक्षा चांगले पटले.

पण थंड करायचे कशात? आमच्याकडे टब नाही. तेव्हा साफसफाईच्या मावशींनी पावसाळ्यात कूलरवर टाकायची ताडपत्री आणून दाखवली. चौघांनी कडा वर धरायच्या, मध्ये रुग्णाला ठेवून बर्फाचे पाणी ओतायचे आणि ते हलवत राहायचे, ही पद्धत धडधाकट तरुणासाठी मान्य आहेच. वृद्धांसाठी अंग ओले ठेवून जोराचा वारा देणे अधिक सोयीचे. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला लागू पडतो; पावसाच्या दमट हवेत तितका नाही.

सर्पदंशाच्या प्रश्नासाठी प्रात्यक्षिकच ठेवले होते. आमच्या चालकदादांचे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घेऊन ती वीस मिनिटे अजिबात न हलवता टेबलावर उभी ठेवली. नंतर नळी तिरपी केली तेव्हा गोठलेले रक्त तळाला घट्ट बसून राहिले. घोणस किंवा फुरसे चावल्यावर विष चढले असेल, तर ते पातळ राहून वाहू शकते. नळी प्लास्टिकची का चालत नाही, हा प्रश्न सर्वांना अवघड गेला. काचेच्या पृष्ठभागामुळे रक्त गोठण्याची क्रिया सुरू होते, प्लास्टिकमुळे तशी होत नाही. त्यामुळे निरोगी माणसाचे रक्तही पातळ राहून दिशाभूल होऊ शकते. मण्यारीच्या दंशात ही चाचणी बहुधा निर्दोष येते, म्हणून पापण्या जड होत आहेत का, हे पाहत राहावे लागते, ही पुस्ती सुभेदार साहेबांनी जोडली.

शेवटचा प्रश्न माझ्या कपाटाचा होता: इंजेक्शननंतर रुग्णाला तीव्र ॲलर्जी होऊन श्वास लागला, तर ॲड्रेनालिन किती, कुठे द्यायचे आणि ते ठेवले कुठे आहे? प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या अँप्युलमधील अर्धे, मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत, हे अनेकांना आले; पण ट्रे कोणत्या कप्प्यात आहे, हे सर्वांत आधी मावशींनी सांगितले, कारण ते कपाट रोज त्याच पुसतात. त्या गुणावर त्यांचा गट जिंकला.

ताडपत्री आता रुग्णवाहिकेत असते आणि बर्फवाल्याचा क्रमांक भिंतीवर लावला आहे. पुढील फेरीसाठी श्वानदंशाचे प्रश्न सुभेदार साहेबांनी स्वतः काढायला घेतले आहेत. चिठ्ठीवर नाव न घालण्याचा नियम मात्र कायम ठेवा, असे त्यांनी बजावले आहे.