पुढे एक, मागे पाच

"गिअरबॉक्स घेऊनच आलोय, आता फक्त बसवा," म्हणत गाडीच्या मालकांनी व्हॅनचं दार उघडलं आणि माझ्या पोटात गोळा आला. गिऱ्हाईक पार्ट आधी घेतं आणि मग विचारतं, हा अनुभव उद्यमनगरात वडिलांच्या वर्कशॉपमध्येही घेतलाय. कोल्हापूर काय नि इंग्लंड काय.

इथे आम्ही फोर्ड जीटी४० ह्या साठच्या दशकातल्या रेसिंग गाडीच्या प्रतिकृती बांधतो. इंजिन सीटच्या पाठीशी, त्याच्या मागे ट्रान्सॲक्सल, म्हणजे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत. ह्यांचं इंजिन ५.७ लिटरचं व्ही८, टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, ६०० न्यूटन-मीटरच्या आसपास. आणलेला बॉक्स पोर्शे ९११ चा जी५०. बॉक्स दणकट, वाद नाही. पण ज्या ३.२ लिटरच्या इंजिनासोबत तो आला, त्याचा टॉर्क तीनशेच्याही आत. शिवाय पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५, शेवटी डिफरन्शियलचं ३.४४, म्हणजे गुणाकार बारा: इंजिन बारा वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा. ६,००० आरपीएमला जेमतेम ताशी साठ-बासष्ट किलोमीटरचा वेग. एवढ्या ताकदीच्या गाडीत पहिला टाकला की लगेच दुसरा मागणार.

हे सगळं मी सांगत होतो, मालक मान डोलावत होते. पटत काही नव्हतं. मग बॉक्स बेंचवर घेतला. जुन्या क्लच प्लेटचा मधला तुकडा इनपुट शाफ्टवर सरकवला, चाकांकडे जाणाऱ्या दोन्ही फ्लँजवर खडूने रेघ मारली आणि पहिला गिअर टाकला. "इंजिनाच्या जागी उभे राहा. चाकाचा वरचा भाग तुमच्याकडे आला, तर गाडी पुढे." शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवला. खडूची रेघ वरून सावकाश पलीकडे गेली.

९११ मध्ये इंजिन सगळ्यात मागे आणि बॉक्स त्याच्या पुढे असतो. आमच्याकडे नेमकं उलट.

"म्हणजे पाच रिव्हर्स?"

"आणि पुढे जायला एक."

ते हसले, मग गप्प झाले. पेटी उताणी बसवून दिशा सुलट करता येते, बरेच जण करतातही. पण मग तेलाची पातळी, ब्रीदर, गिअर लिंकेज सगळंच नव्याने बघावं लागतं. ह्यांना ट्रॅकवर गाडी पळवायची होती, तिथे तेलाशी खेळ मला नको होता. रेनोचा यूएन१ गिअरबॉक्स स्वस्त, पण ह्या टॉर्कला मी तो देणार नाही. उरला झेडएफचा ५डीएस-२५. १९६४ च्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तीनपैकी दोन जीटी४० कोलोटी कंपनीच्या गिअरबॉक्सपायी बाद झाल्या (तिसरी जळाली), त्यानंतर फोर्ड झेडएफकडे वळली होती. किंमत ऐकून मालक पुन्हा गप्प झाले. तरी हो म्हणाले.

चांगला जुना झेडएफ सापडायला चार महिने लागले. तो आला त्या दिवशी, मी पॅकिंग फोडायच्या आत मालकांनी खिशातून खडू काढला.