प्रोबेशनचा फॉर्म आणि हिरवा ठिपका

सांगलीत घरून काम करते, मोबाइल ॲपच्या टेस्टिंगची पाच जणांची टीम आहे, सगळे वेगवेगळ्या गावांत. नव्या मुलाची मुलाखत, लॅपटॉप, सहा महिन्यांचं प्रोबेशन, सगळं सुरळीत झालं. अडलं ते कन्फर्मेशनच्या, म्हणजे नोकरीत कायम करण्याच्या फॉर्मपाशी, तब्बल सात आठवडे.

फॉर्ममध्ये 'विश्वासार्हता' असा रकाना, एक ते पाच गुण, खाली 'पुरावा'. मी पाच दिले. लिहिलं, 'याच्यावर काम सोपवून मी निर्धास्त झोपते.' ऑफिसकडून फॉर्म परत. शेरा: 'वैयक्तिक मत चालणार नाही, टीम्सवरच्या उपस्थितीचा अहवाल जोडा.' म्हणजे मायक्रोसॉफ्ट टीम्स या ऑफिसच्या चॅट-मीटिंगच्या ॲपवर नावाशेजारी दिसतो तो हिरवा ठिपका! पाच मिनिटं लॅपटॉपला हात लागला नाही की तो पिवळा होतो. हा मुलगा दिवसभर हातातल्या फोनवर ॲप तपासतो, ठिपका हिरवा राहील कसा? तेच लिहून पाठवलं. पुन्हा परत. तिसऱ्यांदा फोन केला, तर म्हणे, 'मॅडम, सिस्टिममध्ये तो रकाना रिकामा चालत नाही.' संताप संताप झाला.

खरं तर सुरुवातीला माझंही मन त्याच्याविषयी साशंक होतं. २०२२ च्या सप्टेंबरात विप्रोने दुसरीकडेही काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याची बातमी ताजी होती आणि याचा कॅमेरा कायम बंद. सरळ विचारलं, तर एका खोलीत घरचे चौघं राहतात. मग एका रिलीजच्या आदल्या रात्री अकराला त्याचा फोन: "मॅडम, मी पास लिहिलेली एक टेस्ट जुन्या बिल्डवर झालीय." म्हणजे ॲपच्या आधीच्या आवृत्तीवर. कुणाच्याही लक्षात आलं नसतं. त्या रात्रीपासून मन स्वस्थ झालं. उलट दुसऱ्या एकाचं दोन सेकंदांत येणारं 'डन' मला अजून खटकतं, आणि तपासलं की काहीतरी राहिलेलं निघतंच.

कानेमान आणि क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी २००९ च्या लेखात म्हटलंय की अंतःप्रेरणेवर भरवसा ठेवायचा, तर आपला अंदाज बरोबर की चूक हे वेळेवर कळायला हवं. ऑफिसात ते येता-जाता कळतं, घरून काम करताना मुद्दाम पडताळावं लागतं.

शेवटी कामी आली माझी वही. मनात आलेलं तारखेसह टिपायचं, पुढे काय झालं ते शेजारी. त्यातल्या अकरा नोंदी टाइप करून जोडल्या आणि फॉर्म पास झाला. वही पहिल्या दिवसापासून ठेवा, मी दुसऱ्या महिन्यात सुरू केली. आणि हो, पहिला महिनाभर आठवड्यातून एकदा साधा फोन करा, मीटिंगचा नव्हे.

पत्रावर तारीख मात्र फॉर्म पास झाल्याची पडली. त्याची सात आठवड्यांची पगारवाढ बुडाली. त्यासाठी वेगळा अर्ज केलाय, आणि ती मिळेपर्यंत मी मागे लागणार आहे.